हा उपवास कोणासाठीं?

मंडळींतील व घरांतील प्रार्थनेविषयीं उपवासकाळाचा पाठ

वाचावयाचे भाग : जखऱ्या ७:१–१०, ८:१६–१९, मत्तय ६:१–१८.
घरीं वाचण्यासाठीं : यशया ५८, स्तोत्र ५१.



राखेचा बुधवार जवळ आला कीं आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न दरवर्षीं निघतो. कोणी विचारतो, "उपदेशकबुवा, यंदां चाळीस दिवस पाळावयाचे काय?" दुसरा म्हणतो, "आमच्या आजोबांनीं उपासतापास सोडून ख्रिस्ताला धरिलें. आतां तेंच ओझें आम्हीं पुन्हां खांद्यावर कां घ्यावें?" तिसरा म्हणतो, "नागपूरच्या मोठ्या मंदिरांत पाळतात, मग आपणच मागें कां राहावें?" हे तिघेही प्रामाणिक असतात. त्यांस उत्तर देण्याचें काम उपदेशकावर येतें, आणि पुष्कळदां त्याच्यापाशीं उत्तर तयार नसतें. त्याच्या उपयोगासाठीं हा पाठ लिहिला आहे.

१. हा प्रश्न नवा नाहीं

बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमेंतील मंदिर जाळिलें, तो वर्षाचा पांचवा महिना होता. तेव्हांपासून यहूदी लोक दरवर्षीं त्या महिन्यांत उपवास करून शोक करीत असत. पुढें ते बंदिवासांतून परत आले आणि मंदिर पुन्हां बांधूं लागले. त्या वेळीं, दारयावेश राजाच्या चवथ्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तापूर्वीं ५१८ च्या सुमारास, बेथेलच्या लोकांनीं याजकांकडे व संदेष्ट्यांकडे माणसें पाठविलीं. त्यांचें विचारणें एवढेंच होतें कीं, इतकीं वर्षें जसा शोक केला तसा आतांही करावा काय? नव्या भिंती उभ्या राहत असतां जुन्या भिंतींसाठीं रडावें काय, असा त्यांच्या प्रश्नाचा भाव होता. 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्या उत्तरानें त्यांचें काम भागलें असतें.

परंतु देवानें जखऱ्याच्या द्वारें 'होय' म्हटलें नाहीं, आणि 'नाहीं' असेंही म्हटलें नाहीं. त्यानें उलट त्यांसच विचारिलें कीं, सत्तर वर्षें तुम्हीं जो उपवास केला तो माझ्यासाठीं होता काय? जेवतांना तुम्ही स्वतःसाठीं जेवतां. उपवास करितांना तरी दुसऱ्या कोणासाठीं केला काय? इतकें विचारून देव लगेच दुसऱ्याच गोष्टी सांगूं लागतो : खरा न्याय करा, एकमेकांवर दया करा, विधवा, अनाथ, परका व गरीब यांस छळूं नका, आपल्या भावाचें वाईट मनांत आणूं नका.

हें लक्षांत घ्या. माणसें उपवासाविषयीं विचारावयास आलीं होतीं, आणि देवानें त्यांस विधवेचें दार दाखविलें. या उत्तरांत आजच्या पाठाचा सारांश आहे. उपवासकाळ पाळावा कीं न पाळावा, हा दुसरा प्रश्न होय. तो कोणासाठीं पाळावयाचा, हा पहिला प्रश्न होय.

२. चाळीस दिवस कोठून आले?

चाळीस दिवसांचा उपवास दरवर्षीं पाळा, अशी आज्ञा नव्या करारांत कोठेंही नाहीं. उपदेशकानें हें मंडळीस स्पष्ट सांगावें, लपवूं नये. ही रीति मंडळीनें पुढें प्रार्थनापूर्वक लाविली. दुसऱ्या शतकांतील इरेनियस नांवाच्या बिशपानें लिहून ठेविलें आहे कीं, पुनरुत्थानाच्या सणापूर्वीं कोणी एक दिवस, कोणी दोन दिवस, तर कोणी त्याहून अधिक दिवस उपवास करीत. आणि असा भेद असतांही त्यांच्यांत शांति होती. ३२५ सालीं नायसिया येथें जी मोठी सभा भरली, तिच्या नियमांत या चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख आढळतो. त्या काळीं बाप्तिस्मा घेऊं इच्छिणाऱ्यांस याच दिवसांत शिकवण देऊन पुनरुत्थानाच्या सणासाठीं तयार करीत. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस होता, एलीया चाळीस दिवस चालून होरेबास गेला, आणि आपला प्रभु चाळीस दिवस अरण्यांत होता. म्हणून हा आंकडा मंडळीस प्रिय झाला.

दिवस मोजण्याची रीति अशी आहे. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांत सहा रविवार येतात. रविवार हा प्रभु उठल्याचा दिवस असल्यामुळें तो उपवासांत धरीत नाहींत. म्हणून चाळीस उरतात. पुनरुत्थानाचा सण चंद्रावरून ठरतो : २१ मार्च या दिवशीं किंवा त्यानंतर जी पौर्णिमा मंडळीच्या गणनेप्रमाणें येते, तिच्या पुढील रविवारीं तो असतो. यामुळें तारखा मागेंपुढें होतात. २००८ सालीं राखेचा बुधवार ६ फेब्रुवारीस आला, तर २०११ सालीं तो ९ मार्चास आला.

आपल्या विदर्भांत हा काळ गहू-हरभरा काढण्याचा असतो. मोहाचीं फुलें पडूं लागतात, आणि शेवटच्या आठवड्यांत उन्हाचा ताप वाढतो. म्हणजे घरांत धान्य येण्याचे व अंगमेहनतीचे दिवस हेच होत. याचा विचार पुढें करूं.

३. नागपुरांत दोन वाटा मिळाल्या

वर सांगितलेल्या तिघांपैकीं दुसऱ्या माणसाची शंका पोकळ नाहीं. सुधारणेच्या काळीं मोठमोठ्या विद्वानांनींही ती घेतली होती. १५२२ सालीं झ्यूरिक शहरांत एका छापखान्याच्या कामकऱ्यांनीं उपवासकाळांत मांस खाल्लें म्हणून मोठा गवगवा झाला. तेव्हां झ्विंग्ली यानें उपदेश केला कीं, जें बंधन देवानें घातलें नाहीं तें माणसानें दुसऱ्याच्या विवेकावर लादूं नये. १५६० नंतर स्कॉटलंडच्या मंडळीनेंही वर्षाचे नेमलेले सण व उपवास बाजूस ठेविले. तथापि त्या मंडळीनें उपवासच टाकिला असें मात्र नाहीं. प्रभुभोजनाच्या आधीं उपवासाचा एक दिवस पाळण्याची चाल तेथें पुष्कळ काळ होती.

याच स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं शाळा काढिली, गोंड लोकांची भाषा व चालीरीति यांचा अभ्यास केला, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाहून परततांना पूर आलेल्या ओढ्यांत त्यांचा अंत झाला. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवानें चालत आहे. त्यांच्या परंपरेंत हे चाळीस दिवस नेमलेले नव्हते. त्याच नागपुरांत ऑल सेंट्स मंदिर अँग्लिकन मंडळीचें होतें. तेथील प्रार्थनापुस्तकांत या काळाच्या प्रत्येक रविवारासाठीं प्रार्थना व वाचनें नेमलेलीं होतीं. १९०३ सालीं बिशप चॅटरटन हे नागपूरचे पहिले बिशप झाले, आणि तें मंदिर कॅथेड्रल म्हणून ओळखलें जाऊं लागलें. अशा रीतीनें एकाच शहरांत प्रभूच्या दुःखसहनाचें स्मरण करण्याच्या दोन वाटा होत्या.

मग २९ नोव्हेंबर १९७० रोजीं याच नागपुरांत सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचें युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन कॉन्फरन्सचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ क्राईस्ट अशा त्या सहा होत्या. ज्यांचे वडील चाळीस दिवस पाळीत आले ते, आणि ज्यांच्या वडिलांनीं ते पाळले नाहींत ते, एका मंडळीचे झाले.

म्हणून आपल्या गांवांतही एकाच बांकावर दोन्ही प्रकारचीं माणसें बसलेलीं असतात. त्यांच्याविषयीं पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय उपदेशकानें नीट वाचून दाखवावा. जो दिवस पाळतो तो प्रभूसाठीं पाळतो. जो खातो तोही देवाचे आभार मानून खातो. पाळणाऱ्यानें न पाळणाऱ्यास हलका समजूं नये, आणि न पाळणाऱ्यानें पाळणाऱ्यास दोष लावूं नये. ज्या मंडळींत उपवासकाळामुळें दोन तट पडले, त्या मंडळीनें उपवासकाळ पाळला असें म्हणतां येणार नाहीं.

४. प्रभूनें सांगितलेली गुप्त जागा

मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत प्रभु तीन गोष्टी सांगतो : दान, प्रार्थना व उपवास. तिहींविषयीं तो एकच इशारा देतो कीं, माणसांनीं पाहावें म्हणून करूं नका. गुप्तांत पाहणारा पिता पाहतो तेवढें पुरे. क्रमही पाहा. दान पहिलें आहे, उपवास शेवटीं आहे.

प्रभूचें हें डोंगरावरील प्रवचन आपल्या नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासांतही एका मोठ्या घटनेस कारण झालें आहे. कवि नारायण वामन टिळक नागपूर भागांत राहत असतां एके दिवशीं आगगाडीनें राजनांदगांवाकडे जात होते. गाडींत एका मिशनऱ्याशीं बोलणें होऊन त्यांनीं टिळकांस नवा करार दिला. टिळक वाचीत डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले, आणि तेथेंच त्यांचें मन धरलें गेलें. पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपण 'उपासना संगीत' या पुस्तकांतून त्यांचीं पदें गातों.

आतां कोणी विचारील, "प्रभु कोठडींत जाऊन दार लावून घ्या असें सांगतो, आमचें घर एका खोलीचें, त्यांत सहा माणसें. दार कोठें लावावें?" हा प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. ज्याला वावरांत राखणीस जावें लागतें, त्याची कोठडी म्हणजे वावरांतील मचाण होय. जी बहीण पहांटे पाण्यास जाते, तिची कोठडी म्हणजे ती अर्ध्या कोसाची वाट होय. जो मजूर वीटभट्टीवर आहे, त्याची कोठडी म्हणजे दुपारच्या सावलींतील पांच मिनिटें होत. ओंठ न हलवितां केलेली प्रार्थनाही पिता ऐकतो. कोणी पाहत नसतां आपण देवाशीं बोलतों कीं नाहीं, एवढेंच दार लावण्यानें समजतें.

५. घरांत काय करावें?

पहिली गोष्ट, वेळ नेमावी. दिवेलागणीच्या वेळीं पाव तास पुरे. शाळेंत जाणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें अध्याय वाचावा. ज्या आजीला वाचतां येत नाहीं तिनें आपल्याला आठवणारी प्रभूची गोष्ट सांगावी. मग घरांतील एकानें प्रार्थना करावी, आणि तें एक माणूस रोज बदलावें. नेहमीं बापानेंच प्रार्थना केली तर मुलें ऐकावयास शिकतील, प्रार्थना करावयास शिकणार नाहींत.

आपल्या खेड्यांतील पुष्कळ मुलें आतां नोकरीसाठीं नागपुरास, प्रतापनगरासारख्या वस्त्यांत राहतात. आईबाप गांवीं, मुलगा-सून शहरांत, अशी घराची वांटणी झाली आहे. अशांनीं दोन्हीकडे एकच अध्याय वाचावा, व आठवड्यांतून एकदां तरी दूरध्वनीवरून एकत्र प्रार्थना करावी. भाड्याच्या खोलींत एकटा जेवणारा मुलगा, आपल्यासाठीं या घटकेस कोणीतरी गुडघे टेकले आहेत, हें जाणून असला तर तें त्यास मोठें कुंपण होईल.

दुसरी गोष्ट, उपवासाचें ओझें दुसऱ्यावर पडूं देऊं नये. असें घडतें कीं, यजमान सकाळीं जेवत नाहीं, म्हणून संध्याकाळीं लवकर व निराळें शिजवावें लागतें. शिवाय भुकेमुळें त्याचा राग घरच्यांवर निघतो. उपवास त्यानें केला, आणि सोसलें त्याच्या बायकोनें! हा उपवास कोणासाठीं, असें जखऱ्यानें विचारिलें तर तो काय सांगेल? जो उपवास करील त्यानें त्या दिवशीं पाणी भरावें, सरपण आणावें, व घरच्यांशीं नेहमींपेक्षां मऊ बोलावें.

तिसरी गोष्ट, सर्वांनीं अन्न सोडावें असें नाहीं. आजारी, मधुमेहाचे रोगी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलें, वृद्ध, आणि उन्हांत कापणीचें काम करणारे यांनीं उपाशी राहूं नये. पाणी तर कोणीही सोडूं नये. आपल्याकडील ऊन कोणाची भीड धरीत नाहीं. अशांनीं तंबाखू, खर्रा, दारू, चहाचा दुसरा पेला, निंदा किंवा रात्रींचा फोनवरील वेळ सोडावा. मात्र दारूसारखी जी वस्तु घर बुडविते ती चाळीस दिवसांसाठीं नव्हे, तर कायमचीच सोडावी. आणि ज्याला सोडतां येत नाहीं त्यानें न लाजतां पाळकास व वैद्यास सांगावें.

चवथी गोष्ट, सोडलेलें कोठें जातें तें पाहावें. मिझोरममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० सालापासून भात शिजवितांना मूठभर तांदूळ देवासाठीं बाजूस काढीत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर त्यांच्या मंडळ्यांचें पुष्कळसें कार्य चाललें आहे. आपणही हें करून पाहावें. दोन वेळच्या मुठी मिळून १०० ग्रॅम धरिलें तर चाळीस दिवसांत एका घराचे चार किलो होतात. वीस घरांचे ८० किलो. कापणी झाल्यावरही ज्या विधवेच्या घरांत धान्य येत नाहीं, कारण तिला वावरच नाहीं, तिच्या दारीं तें पोंचवावें. कोणाच्या घरचें किती, याची यादी मंदिरांत वाचूं नये. डबा एकच असावा, व तो झांकलेला असावा.

पांचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे. धुऱ्यावरून ज्या भावाशीं तुमचें बोलणें बंद आहे, त्याच्याकडे या चाळीस दिवसांत जावें. वीत दोन वीत जमिनीसाठीं सख्खे भाऊ वर्षानुवर्षें एकमेकांच्या दुःखास जात नाहींत, आणि दोघेही प्रभुभोजनास मात्र येतात! वेदीपाशीं दान ठेवून आधीं भावाशीं समेट कर, असें प्रभु सांगतो. भाकर सोडणें यापेक्षां फार सोपें आहे. म्हणूनच आपण भाकर सोडतों, आणि धुरा धरून बसतों. कदाचित् तुम्ही जाल आणि भाऊ दार उघडणार नाहीं. तरी तुमचें जाणें पित्यानें पाहिलें आहे.

६. मंडळींत काय करावें?

आठवड्यांतून एक संध्याकाळ, बुधवार किंवा शुक्रवार, प्रार्थनेसाठीं नेमावी. ती आळीपाळीनें घरोघरीं भरवावी, आणि ज्या घरीं आजारी माणूस आहे तेथें आधीं जावें. तासाहून अधिक वेळ घेऊं नये. दिवसभर राबलेल्यांस बसवून ठेवणें ही भक्ति नव्हे. कपाळीं राख लावण्याची चाल ज्या मंडळींत आहे तिनें ती नम्रतेनें पाळावी. जेथें नाहीं तेथें आग्रह धरूं नये. योएल संदेष्टा वस्त्रें नव्हे तर हृदय फाडावयास सांगतो. कोण उपवास करितो याची चौकशी उपदेशकानें करूं नये. जो आला नाहीं त्यास सभेंत बोल लावूं नये. सभेनंतर त्याच्या घरीं जावें.

सहा रविवारांपासून सुरू होणाऱ्या आठवड्यांसाठीं वाचनें पुढीलप्रमाणें घ्यावीं.

पहिला आठवडा : मोह. मत्तय ४:१–११.
दुसरा आठवडा : पश्चात्ताप. स्तोत्र ५१, लूक १५:११–३२.
तिसरा आठवडा : प्रार्थना. लूक ११:१–१३, १८:९–१४.
चवथा आठवडा : दया. यशया ५८, लूक १०:२५–३७.
पांचवा आठवडा : समेट. मत्तय ५:२१–२६, १८:२१–३५.
सहावा आठवडा, झावळ्यांच्या रविवारापासून : प्रभूचें दुःखसहन. मार्क अध्याय ११ ते १५, रोज थोडें थोडें.

उत्तम शुक्रवारीं वधस्तंभावरील सात उद्गारांचें मनन करितांना बोलणारे सात असले तरी प्रत्येकानें थोडक्यांत बोलावें, आणि मध्यें कांहीं क्षण शांत बसावें. त्या दिवशीं मंडळीनें मुठीच्या धान्याचा डबा उघडावा, व ज्यांस द्यावयाचें त्यांस अंधार पडल्यावर नेऊन द्यावें, म्हणजे घेणाऱ्यास लाज वाटणार नाहीं.

७. वर्गासाठीं प्रश्न

(१) बेथेलच्या लोकांनीं काय विचारिलें, आणि देवानें त्यांस उलट काय विचारिलें?
(२) जखऱ्या ७:१० मध्यें कोणत्या चार प्रकारच्या लोकांचीं नांवें आहेत? आपल्या गांवांत ते कोण आहेत?
(३) लूक १८ मधील परूशी आठवड्यांतून दोनदां उपवास करीत असे. त्याच्या प्रार्थनेंत काय चुकलें?
(४) मी जें सोडणार आहें, त्यामुळें कोणाचें ओझें हलकें होईल? कोणाचें वाढेल?
(५) माझा 'धुरा' कोणता?

शेवटल्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत मोठ्यानें मागूं नये. तें ज्याचें त्यानें देवास द्यावें.

बंधुभगिनींनो, जखऱ्याच्या आठव्या अध्यायांत देव सांगतो कीं, ते उपवासाचे महिने पुढें आनंदाचे व उत्सवाचे होतील. म्हणून सत्य व शांति यांवर प्रीति करा. बेथेलच्या लोकांनीं रडावें काय असें विचारिलें होतें. देवानें शेवटीं त्यांस सणाचें वचन दिलें. आपल्यासाठीं तो सण रिकाम्या कबरेपाशीं उगवला आहे. त्या पहांटे मंदिराकडे जातांना वाटेंत तुमच्या भावाचें घर लागेल. त्याच्या दारावर थाप मारून "चल" म्हणतां येईल, असे हे चाळीस दिवस प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.